वाल्मीकभाऊंनी आवळलेलं चाक

जळगावात माझ्या गॅरेजवर पाटी होती ती वडिलांच्या नावाची. पण पत्ता सांगताना लोक सांगायचे, "ते अडकलेले बोल्ट काढणारे सुपडूनाना, तिथं." चाळीसेक वर्षं मी गाड्यांची इंजिनं उघडली, गिअरबॉक्स बांधले, पुरात बुडालेल्या गाड्या परत रस्त्यावर आणल्या. त्यातलं कोणाला काही आठवत नाही. डॉक्टरनं आयुष्यभर हृदयाची ऑपरेशनं करावीत आणि गावानं त्याला पायातला काटा काढणारा म्हणून ओळखावं, तसं माझं झालं. आधी राग यायचा. पुढं दुसरे गॅरेजवालेसुद्धा गुपचूप बोलवायला लागले, तेव्हा राग गेला आणि थोडी ऐट आली.

ज्यांनी कधी पाना हातात धरला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बोल्ट अडकतो तो बहुतेक दोन कारणांनी. एक, गंज. पाणी आट्यांत, म्हणजे बोल्टच्या पेचांत शिरतं आणि बोल्ट अन् त्याचं भोक असे एकमेकांना धरतात की दोघं वेगळे होते हेच विसरतात. दुसरं, माणूस. गरजेपेक्षा जास्त आवळणारा. गंजाशी बोलता येतं, माणसाशी बोलणं अवघड.

अडकलेला बोल्ट ताकदीनं काढायचा नसतो. ताकद लावली की एकतर पाना सटकून हाताची सालटी निघतात, नाहीतर बोल्टचं डोकं तुटून हातात येतं आणि धड आत राहतं. आधी गंज सोडवणारं तेल सोडायचं. मग थांबायचं. मग डोक्यावर हातोडीनं हलके टोले द्यायचे, म्हणजे तेल आत उतरतं. मग उघडायच्या आधी केसभर आवळायचा, त्यानं गंजाची पकड मोडते. आणि मग उलटा फिरवायचा, थोडा पुढं, थोडा मागं. यातलं सगळ्यात कठीण काम म्हणजे थांबणं. गिऱ्हाईक समोर उभं असताना मिस्त्रीनं नुसतं बसून राहायचं, हे गिऱ्हाइकाला बघवत नाही.

बोदवडचे एक आबा होते. त्यांच्या जुन्या जीपचा बोल्ट अडकला तर त्यांनी सोबत एक जाणता माणूस आणला, मंत्र घालायला. मी तेल सोडलं आणि म्हटलं, चालू करा. जाणत्यानं डोळे मिटून चांगली वीस मिनिटं मंत्र म्हटला. तेवढ्या वेळात तेल मुरलं. मी पाना लावला आणि बोल्ट सुटला. श्रेय, नारळ आणि आबांचा नमस्कार जाणत्याला गेला. मला वाईट वाटलं नाही. उलट वाटलं, हा माणूस कायमचा ठेवून घ्यावा. गिऱ्हाईक वीस मिनिटं गप्प बसवणं मला कधी जमलं नव्हतं.

सगळंच असं हसण्यासारखं झालं नाही. भडगावच्या एका डॉक्टरसाहेबांच्या गाडीचं ऑइल बदलताना खालचा बोल्ट मी घाईनं ओढला आणि त्याचे आटे गेले. तेव्हा मी तिशीतला, नावाला जपणारा. डॉक्टरांना काही सांगितलं नाही. भेगा बुजवायचा मसाला लावला, वरून पुसून घेतलं आणि गाडी दिली. आठवड्यानं त्यांच्या ओट्याखाली ऑइलचं तळं झालं. ते भांडले नाहीत. फोन करून एवढंच म्हणाले, "सुपडू, सांगितलं असतं तर चाललं असतं रे." त्यानंतर त्यांची गाडी माझ्याकडं आली नाही. ते वाक्य मात्र माझ्याकडंच राहिलं.

आता मुख्य गोष्ट. ती वाल्मीकभाऊंच्या चाकाची.

वाल्मीकभाऊ दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत उमेदीची सगळी वर्षं काढलेले फिटर. निवृत्त झाल्यावर जळगावात घर बांधलं, छोटी मोटार घेतली. माणूस देवासारखा, पण हातात पाना आला की आवळत सुटायचा. वाफेच्या नळ्यांवर काम केलेलं. तिथं सैल बोल्ट म्हणजे कोणाच्या तरी जिवाशी गाठ. ती सवय घरी घेऊन आले. त्यांच्या घरातला नळ बंद करायला एक माणूस लागे, उघडायला दोन.

गेल्या वर्षी एका सकाळी साडेआठला त्यांच्या मंडळींचा, शकूअक्कांचा फोन आला.

"नाना, लवकर या. गाडीचं चाक हवा जाऊन बसलंय आणि ह्यांच्यानं निघत नाही. आज चार वाजेच्या आत धुळ्याला पोचायचंय मला."

मी तेव्हा काम जवळजवळ सोडलेलं होतं. पण अक्कांच्या आवाजात काहीतरी होतं. पिशवी घेतली आणि गेलो.

अंगणात गाडी डाव्या पुढच्या चाकावर झुकून उभी होती. वाल्मीकभाऊ बनियनवर, हातात लांबलचक लोखंडी पाइप घेऊन. चेहरा गंभीर, पण डोळे मला जरा जास्तच शांत वाटले. गाडी बंद पडलेल्या माणसाच्या तोंडावर एक घालमेल असते. ती तिथं नव्हती. मी ते पाहिलं आणि दुर्लक्ष केलं.

"पंक्चर आहे," भाऊ म्हणाले. "खिळा असणार. मी पाहिलंय."

"बोल्ट कोणी आवळलेत?"

"मीच. काल संध्याकाळी. म्हटलं लांबचा प्रवास आहे, सैल नको राहायला."

"कशानं?"

त्यांनी अभिमानानं हातातला पाइप दाखवला. पान्याला पाइप जोडून, त्याच्या टोकाला हा सत्तर किलोचा माणूस लोंबकळला होता. चारही बोल्टांवर, एकेक करून.

तेवढ्यात अक्का बाहेर आल्या. नवी पैठणी नेसलेल्या, वर जुना टॉवेल बांधलेला. पहाटे उठून खापरावर मांडे केले होते. ते टोपलीत, धोतराच्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून तयार. धुळ्याला त्यांच्या लेकीचं, सुनंदाचं डोहाळजेवण होतं त्या दिवशी.

"एसटीनं जाता येईल," भाऊ म्हणाले. "दर अर्ध्या तासाला गाडी आहे."

"एसटीनं आजवर गेलेच ना मी," अक्का म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "नाना, मी गाडी चालवायला शिकले. लायसन आलं माझं मागच्या महिन्यात."

मी थक्क झालो. अक्का साठीच्या. भाऊंनी आकाशाकडं पाहिलं.

अक्का चार महिने रोज सकाळी भजनाला म्हणून बाहेर पडायच्या आणि ड्रायव्हिंग क्लासला जायच्या. भाऊंना लायसन टपालानं घरी आलं तेव्हा कळलं. आणि अक्कांनी धुळ्याला विहीणबाईंना सांगून ठेवलं होतं की या वेळी मी स्वतः गाडी चालवत येणार. विहीणबाई म्हणाल्या होत्या, "अगं बाई, ह्या वयात?" तेव्हापासून अक्कांचं जे ठरलं ते ठरलं. जायचं तर गाडीनंच, आणि चालवायची तर आपणच.

मी कामाला लागलो. आधी स्टेपनी बाहेर काढावी म्हणून डिकी उघडली. स्टेपनी ज्या एका स्क्रूनं बसवलेली असते तोही भाऊंनी पाइप लावून आवळलेला. तो काढायलाच अर्धा तास गेला. मग चाकाच्या चारही बोल्टांवर तेल सोडलं आणि थांबलो.

मी थांबलोय म्हणजे रिकामा आहे असं अक्कांना वाटलं. त्या आत गेल्या आणि लोणच्याची बरणी घेऊन आल्या.

"नाना, आलेच आहात तर एवढी उघडून द्या. सुनंदाला द्यायचंय. मागल्या महिन्यापासून उघडत नाही."

मी उघडली. मग साखरेचा डबा आला. मग तुपाची बरणी. मग एक थर्मास, ज्याचं झाकण दोन दिवाळ्या बंद होतं, आणि आत काय आहे हे घरात कोणालाच आठवत नव्हतं. तो मी रस्त्यावर नेऊन उघडला, ते बरं झालं. शेवटी अक्कांचा संयम संपला आणि त्यांची माहेरची बोली बाहेर आली. त्या अमळनेरकडच्या.

"बठ्ठं घर आवळी ठेवेल शे ह्या माणूसनी! चहा कराले साखर नही निंघत. मी सकायपासून बिनसाखरेचा पी राह्यनू!"

भाऊ म्हणाले, "झाकण सैल राहिलं की मुंग्या लागतात."

"मुंग्यास्ले तरी गोड भेटतं!"

मी पान्याकडं वळलो. पहिला बोल्ट टोल्यांवर टोले खाऊन करकरत सुटला. दुसरा त्याच्यापेक्षा हट्टी. त्याला दोनदा तेल पाजलं. तिसरा सुटेपर्यंत साडेअकरा वाजले. अक्का दर दहा मिनिटांनी दारात येऊन घड्याळ बघून जात. भाऊ ओट्यावर बसून सल्ले देत होते. "एसटी बारालाही आहे," हा सल्ला त्यांनी तीनदा दिला.

चौथा बोल्ट हलेना. तेल, टोले, पुढं-मागं, सगळं झालं. चाकाजवळ आग न्यायची नाही हा माझा नियम, त्यामुळं बोल्ट तापवायचा मार्गही बंद. आणि मग जे दुसऱ्यांना आयुष्यभर करू नका म्हणून सांगितलं तेच मी केलं. अक्का दारात उभ्या होत्या, बारा वाजत आले होते. मी भाऊंचा पाइप उचलला, पान्याला लावला आणि ओढला.

टण्णकन आवाज झाला. मी बसकण मारली. पान्यात बोल्टचं डोकं होतं.

मला भडगावचे डॉक्टर आठवले. अक्कांना सांगता आलं असतं की बोल्ट आधीच चिरलेला होता. भाऊंनीसुद्धा ते मान्य केलं असतं, आनंदानं.

"अक्का," मी म्हटलं, "माझी चूक झाली. घाई केली. बोल्ट तुटला. पण चाक निघेल आणि एक वाजायच्या आत बसेलही."

अक्कांनी मान हलवली आणि आत गेल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चाक ओढून काढलं. तुटलेल्या बोल्टचं धड आत रुतलेलं होतं, बोटभर बाहेर. पक्कड लावली. आता बघा, या धंद्यातली गंमत. जो बोल्ट मला, माझ्या तेलाला आणि पाइपला दाद देत नव्हता, तो डोकं गेल्यावर पकडीच्या दोन हिसक्यांत हलला. पुढचं तर मी बोटांनी फिरवून काढलं. गंज फार नव्हताच. सगळा ताण होता डोक्याचा.

बदली बोल्ट भाऊंकडंच निघाला. त्यांच्याकडं प्रत्येक गोष्टीचा जादा नग असतो. तो एका पत्र्याच्या डब्यात होता आणि डबा कसा बंद होता ते सांगत नाही.

आता स्टेपनी बसवायची. पण बसवण्याआधी म्हटलं, पंक्चर कुठं आहे बघून ठेवू, वाटेत काढून घेता येईल. काढलेल्या चाकाला गोल हात फिरवला. खिळा नाही. पायपंपानं हवा भरली, घमेल्यातल्या पाण्यात चाक फिरवून पाहिलं. एक बुडबुडा नाही. मग व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकी लावली. थुंकीचा फुगा झाला.

हवा व्हॉल्व्हमधून जात होती. आतली पिन दोन आटे सैल होती. आपोआप नाही, कोणीतरी हातानं केलेली. ज्या घरात साखरेचा डबा उघडायला मिस्त्री लागतो, त्या घरात ही एक पिन सैल.

मी वर पाहिलं. वाल्मीकभाऊ माझ्याकडंच बघत होते. आता मात्र त्यांच्या तोंडावर घालमेल होती.

खरं तर चाक बसलं की पहिल्यांदा नुसती हवा भरून बघायची, हे सायकलवालासुद्धा करतो. मी केलं नाही, कारण एका जुन्या फिटरनं "खिळा असणार" म्हणून सांगितलं आणि समोर अडकलेले चार बोल्ट होते. अडकलेला बोल्ट दिसला की माझी अक्कल तिकडंच धावते. दहा मिनिटांच्या कामासाठी मी तीन तास घालवले आणि एक चांगला बोल्ट मोडला.

मी हळूच म्हटलं, "भाऊ, हे काय?"

भाऊ ओट्यावरून उतरून माझ्याजवळ उकिडवे बसले. आवाज अगदी खाली.

"रस्ता पाहिलाय ना धुळ्याचा? केळीचे ट्रक, ट्रेलर, ते उलट्या दिशेनं येणारे मोटरसायकलवाले. नाना, मी आजवर ज्याची भीती वाटली ते आवळून टाकलं. की मग झोप लागायची. आता ही गाडी चालवणार म्हणते." त्यांनी घराच्या दाराकडं पाहिलं. "हिला कुठून आवळू?"

मला आधी हसू आलं, मग नाही. पिन मी बोटांनी घट्ट केली.

अक्का बाहेर आल्या. "कुठं होतं पंक्चर?"

मी भाऊंकडं पाहिलं. सांगणं माझं काम नव्हतं, आणि खोटं बोलणं भडगावनंतर मी सोडलेलं होतं. म्हणून मी घमेल्यातलं पाणी तुळशीला घालायला उठलो. घमेलं फार मोठं होतं आणि तुळस फार लहान.

मागून भाऊंचा आवाज आला. "पंक्चर नव्हतं. मी हवा सोडली पहाटे."

अक्कांनी एकदा चाकाकडं पाहिलं. मग आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज आला, मग तोही थांबला. भाऊ मला म्हणाले, "रडत असेल?" मी म्हटलं, "मला काय विचारता, आत जा." ते काही उठले नाहीत.

अक्का बाहेर आल्या तेव्हा टॉवेल सोडलेला होता, पैठणी नीट केलेली होती आणि हातात मांड्यांची टोपली होती. ती त्यांनी मागच्या सीटवर ठेवली.

"चाक बसवा नाना. आणि तुमी," भाऊंकडं न बघता त्या म्हणाल्या, "शर्ट घाला. डाव्या बाजूले बसा."

"मी येऊ?"

"मंग काय करशात? घरी बसीसन आखो काय आवळशात?"

मी चाक बसवलं. माझ्या पिशवीत एक पाना असतो, तो हवा तेवढाच ताण घेतो आणि पुरे झालं की टक्क वाजतो. तीन बोल्ट मी आवळले. चौथ्यासाठी पाना भाऊंच्या हातात दिला. म्हटलं, "टक्क वाजलं की थांबायचं." भाऊंनी आवळलं. टक्क वाजलं. त्यांचे दंड अजून पुढं जायला बघत होते. कपाळावर घाम आला. पण थांबले.

निघताना अक्का म्हणाल्या, "नाना, तुम्हीपण चला. वाटेत ह्यांना धरायला कोणीतरी पाहिजे."

असा मी, हातावर ग्रीस आणि मांडीवर मांड्यांची टोपली घेऊन, डोहाळजेवणाला निघालो.

अक्का गाडी चालवतात कशी, तर स्वयंपाक करतात तशी. घाई नाही, आणि लक्ष सगळीकडं. भाऊ एरंडोलपर्यंत उजव्या पायानं सारखा ब्रेक दाबत होते. त्यांच्या बाजूला ब्रेक नव्हता, पण गाडीचा पत्रा त्यांनी नक्कीच खोल केला. समोर ट्रक दिसला की "ट्रक," बैलगाडी दिसली की "बैलगाडी," असं ते मोठ्यानं सांगत. एकदा नुसतंच "झाड!" म्हणाले. अक्का म्हणाल्या, "ते तठेच ऱ्हाई. ते काय आपलामांगे येवाव नही."

एक केळीचा ट्रक हॉर्न वाजवत अंगावर आला. भाऊंनी डोळे मिटले. खरं सांगायचं तर मीही मिटले. उघडले तेव्हा ट्रक मागं गेला होता आणि अक्का आरशात बघत पदर सारखा करत होत्या.

चाक काढून बसवलं की थोड्या अंतरानं बोल्ट पुन्हा तपासावे लागतात. म्हणून पारोळ्याला गाडी बाजूला घेतली. मी चारही तपासले, चारही जागच्या जागी. भाऊंनी पाना मागितला नाही. पाणी प्यायले, परत बसले. पारोळा सुटल्यावर पाचेक मिनिटं काहीच ऐकू येईना, ना ट्रक, ना बैलगाडी, ना झाड. मी पुढं वाकून पाहिलं. वाल्मीकभाऊ मान टाकून झोपले होते. तोंड उघडं.

अक्कांनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं आणि गाडीचा वेग थोडा कमी केला.

धुळ्याच्या त्या अरुंद गल्लीत आम्ही सव्वातीनला पोचलो. सुनंदा दारात, हिरव्या साडीत, आणि तिच्या मागं विहीणबाई. अक्कांनी गाडी मागं घेऊन दोन स्कूटरींच्या मधे लावली, तीही एका दमात. भाऊ जागे होऊन खाली उतरले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "हिनंच आणली, जळगावपासून. मी हातसुद्धा लावला नाही!" जसा काही हात न लावणं हाच सगळ्यात मोठा पराक्रम होता. तसा त्यांच्यासाठी तो होताच.

विहीणबाईंनी अक्कांचे दोन्ही हात हातात घेतले. मग हळूच विचारलं, "मला शिकवशील?"

बायकांच्या त्या कार्यक्रमात आम्हा दोघांना मागच्या खोलीत पानं वाढली. बाहेर गाणी चालली होती, सुनंदा खळखळून हसत होती. भाऊ बराच वेळ जेवलेच नाहीत, ऐकत बसले.

"नाना," ते म्हणाले, "चांगली चालवते, नाही?"

"चांगली चालवते."

"हे मला आधी कोणीतरी सांगायला पाहिजे होतं."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतं तुम्ही?"

भाऊंनी प्रामाणिकपणे विचार केला.

"नसतं," ते म्हणाले आणि माझ्या पानातला मांडा उचलून खाऊन टाकला.